कानाला साथ, काठीला जोड : अंगावर घालायचा पडसाद-पट्टा कसा बनवावा आणि कसा वापरावा

पडसाद मोजून समोरचा अडथळा अंध माणसाला कंपाने कळवणारा पट्टा, हा या लेखाचा विषय. मी बनवलेला पहिला पट्टा दोन मीटरच्या आत जे काही येईल त्याची खबर द्यायचा. भिंत, दरवाजा, खुर्ची, शेजारून जाणारा माणूस, घालणाऱ्याचा स्वतःचा हात, कशालाच सोडायचा नाही. ज्याच्यासाठी बनवला तो माझा मित्र जन्मांध. वीसेक वर्षे पांढरी काठी घेऊन एकटा हिंडणारा. पाच मिनिटांत त्याने पट्टा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "अरे, हा बडबड्या आहे. भिंत मला कळते. जी फांदी कपाळाला लागते ती सांगणारं काहीतरी दे."

पुढच्या चार पट्ट्यांत मी जे शिकलो ते इथे क्रमाने देतो. बनवणारा डोळस असेल किंवा अंध, पायऱ्या त्याच आहेत. एक अट मात्र सुरुवातीलाच सांगतो. हे उपकरण पांढऱ्या काठीच्या किंवा मार्गदर्शक कुत्र्याच्या जागी वापरायचे नाही. काठी हातात असतानाच ते चालू करायचे.

आधी कान

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी एक आठवडा कानांना द्या. वापरणाऱ्याने तर द्यावाच, पण बनवणारा डोळस असेल तर त्यानेही डोळ्यांवर पट्टी बांधून द्यावा. पडसाद ऐकून जागा ओळखणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवलेले नाही त्याच्या हातून या कामाचे चांगले यंत्र होत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिला पाठ बसल्या जागी करायचा. समोर कोणालातरी मोठे ताट किंवा जाड पुठ्ठा घेऊन उभे करा आणि तोंडाने सलग 'श्श्श' असा आवाज काढत राहा. ताट हातभर अंतरावरून हळूहळू तोंडाजवळ आले की आवाजाचा पोत बदलतो, तो दाटून येतो. ताट बाजूला गेले की पुन्हा मोकळा होतो. हा फरक एकदा पकडला की ताट डावीकडे आहे की उजवीकडे, हे सांगायचा खेळ सुरू करा.

दुसरा पाठ जिभेचा. जीभ टाळूला चिकटवून झटक्यात खाली ओढा. आवाज 'टक्' असा छोटा आणि कोरडा हवा. त्यामागे ओढलेला, ओलसर 'चुक्' आला तर तो स्वतःच पडसाद झाकतो. आधी खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून टक् करा, मग उघड्या दाराकडे, मग कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे. कोपरा आवाज परत फेकतो, दार गिळून टाकते आणि कपाट त्याला मऊ करून सोडते.

हा फरक सहज का ऐकू येत नाही, याचे कारण गणितात आहे. २० अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीला जाऊन परत यायला त्याला ५.८ मिलिसेकंद पुरतात. इतक्या थोड्या वेळात आलेला पडसाद मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो, नाहीतर प्रत्येक खोलीत आपल्याला दोन-दोन आवाज ऐकू आले असते. सराव म्हणजे मेंदूची ही सवय सैल करणे.

पूर्वी अनेक अंध व्यक्ती सांगत की भिंत जवळ आली की गालावर काहीतरी दाटल्यासारखे वाटते, आणि या जाणिवेला 'चेहऱ्याची दृष्टी' असे नावही पडले होते. कॉर्नेल विद्यापीठात सुपा, कॉट्झिन आणि डॅलनबाख यांनी १९४४ साली प्रयोगांचा निष्कर्ष मांडला. चेहरा झाकला तरी माणसे अडथळा ओळखत होती, पण कान बंद केले की भिंतीवर आपटत होती. म्हणजे गालांना कळत नव्हते, कानांना कळत होते. त्याच वर्षी वटवाघळांवर काम करणाऱ्या डोनाल्ड ग्रिफिन यांनी या कौशल्याला 'एकोलोकेशन' हा शब्द दिला. पुढे स्वतः अंध असलेल्या डॅनियल किश यांनी जिभेच्या टकटकीवर चालायला, सायकल चालवायला लोकांना शिकवले. २०११ मध्ये थेलर, अर्नॉट आणि गुडेल यांनी दाखवले, की अशा तरबेज अंध व्यक्ती पडसाद ऐकतात तेव्हा मेंदूतला एरवी पाहण्यासाठी वापरला जाणारा भाग कामाला लागतो. आणि हे काही मोजक्या असामान्य लोकांपुरते नाही. थेलर यांच्याच गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ ते ७९ वर्षे वयाची अंध आणि डोळस माणसे दहा आठवड्यांत हे शिकली.

मग यंत्र कशाला? जिभेच्या टकटकीचा बराचसा जोर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. ४ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटीमीटर भरते. तिच्यापुढे भिंत, खांब, गाडी टिकते, पण बोटभर जाडीची फांदी तिच्यातून निसटते. ४० किलोहर्ट्झच्या श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, लहरीची लांबी याचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटर असते. तिला ती फांदी सापडते. यंत्राची गरज एवढ्याच जागेपुरती आहे.

उपकरणांची तीन घराणी

पहिले घराणे मोजून सांगणारे. श्राव्यातीत स्पंद सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि ते अंतर कंपाने कळवायचे. अल्ट्राकेन ही काठी, मनगटावरचा सुनू बँड, आयआयटी दिल्लीत घडलेली स्मार्टकेन ही याच घराण्यातली. शिकायला सोपे, पण माहिती तुटपुंजी. 'काहीतरी आहे आणि इतके दूर आहे' याच्या पुढे ते जात नाही.

दुसरे घराणे ऐकवणारे. लेस्ली के यांनी १९६० च्या दशकात हातात धरायची 'सोनिक टॉर्च' आणि पुढे त्याच तत्त्वावरचा चष्मा केला. यातून बाहेर जाणाऱ्या ध्वनीची वारंवारता सतत सरकत असते. परत आलेला पडसाद आणि त्या क्षणी बाहेर जाणारा ध्वनी यांच्यातला फरक कानाला स्वर म्हणून ऐकवला जातो. वस्तू दूर असली तर स्वर उंच, जवळ आली की खाली उतरतो, आणि झुडपाचा स्वर भिंतीच्या स्वरापेक्षा खरखरीत लागतो. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी 'सोनिक आय' नावाचे शिरस्त्राण मांडले. त्यात श्राव्यातीत चिवचिवाट सोडून त्याचे पडसाद कृत्रिम कानपाळ्यांमागच्या दोन मायक्रोफोनांनी टिपतात आणि वीसेक पट संथ करून दोन्ही कानांना ऐकवतात. कल्पना सुंदर आहे. पण या घराण्याची किंमत कानांना मोजावी लागते, आणि रस्त्यावर अंध माणसाकडे कानांपेक्षा मोलाचे काही नसते.

तिसऱ्या घराण्यात कॅमेऱ्याचे चित्र ध्वनीत बदलतात. पेटर मायर यांची १९९२ मध्ये मांडलेली 'व्हॉइस' ही पद्धत त्यातली. पण तिथे पडसाद नाही, म्हणून तिला इथेच सोडतो.

घरी बनवायला पहिले घराणेच बरे. आपण तेच घेऊ.

काय सांगायचे ते आधी ठरवा

मी पहिल्या वेळी केलेली चूक इथली. सेन्सर विकत घेतला आणि तो जे जे पाहील ते सगळे सांगू दिले. खरा प्रश्न उलटा आहे. काठीला काय कळत नाही?

काठी जमीन सांगते, पायरी सांगते, खड्डा सांगते, गुडघ्यापर्यंतचे बहुतेक सगळे सांगते. तिच्या वरून सुटतात ती फांदी, बाहेर उघडलेले खिडकीचे दार, उभ्या ट्रकची मागे आलेली फळी, भिंतीवर टांगलेली पेटी आणि जिन्याची खालची तिरकी बाजू. या शेवटच्या जागेखाली काठी सरळ आत जाते आणि मागून डोके आदळते. म्हणजे पहारा हवा तो कमरेपासून डोक्यापर्यंत.

याच हिशेबाने सेन्सरची जागा ठरते. डोक्यावर लावला तर मान वळली की दिशा बदलते. कमरेवर लावला तर हात आडवे येतात. छातीवरची जागा मला सर्वांत चांगली वाटली. गळ्यातून आणि पाठीमागून जाणाऱ्या पट्ट्यावर, छातीच्या हाडाच्या मध्यभागी, सेन्सर सुमारे १५ अंश वर कलवून बसवा. छाती जमिनीपासून १२५ सेंटीमीटरवर असेल तर दोन मीटर पुढे सेन्सरच्या नजरेचा मध्य १७९ सेंटीमीटर उंचीवर पडतो, म्हणजे डोक्याच्या जागी. घालणारा ठेंगणा किंवा उंच असेल तर कोन तेवढा बदला. शेवटी भिंतीवर त्याच्या कपाळाच्या उंचीवर खूण करून तपासा.

दुसरा सेन्सर मोकळ्या हाताच्या मनगटावर घेता येतो, पण तो कायम चालू ठेवू नका. त्याला बटण द्या. दाबले तरच बोलेल. छातीवरचा पहारेकरी आणि मनगटावरचा विचारल्यावर सांगणारा, अशी वाटणी केली की गोंधळ निम्म्यावर येतो. हात फिरवून दाराची मोकळी जागा शोधायला, रांगेतला पुढचा माणूस सरकला का हे पाहायला मनगटाचा सेन्सर उत्तम. काठीच्या हातावर तो लावू नका. ती काठीच त्याला दिसत राहते.

सामान आणि जोडणी

सामान फार नाही. एचसी-एसआर०४ हा श्राव्यातीत सेन्सर एक किंवा दोन, आर्डुइनो नॅनो हा आज्ञावली चालवणारा छोटा बोर्ड, नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची कंपमोटर प्रत्येक सेन्सरला एक, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १एन४००१ डायोड, १ किलोओहम आणि २७ ओहमचे रेझिस्टर, लिथियम बॅटरी, टीपी४०५६ हे संरक्षणासहित मिळणारे चार्जिंग सर्किट आणि व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारा एमटी३६०८. शिवाय स्विच, बटण, रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रो.

सेन्सरला चार पाय असतात. दोन विजेचे, एक 'ट्रिगर', एक 'एको'. ट्रिगरला १० मायक्रोसेकंदांचा झटका दिला की तो ४० किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतो आणि एकोचा पाय वर जातो. पडसाद आला की तो खाली येतो. जितके मायक्रोसेकंद तो वर होता त्याला ५८ ने भागले की सेंटीमीटर मिळतात. सांगितलेला पल्ला २ सेंटीमीटर ते ४ मीटर, पण माणसाच्या अंगावर, चालताना, दोन-अडीच मीटरच्या पुढच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. नॅनो ५ व्होल्टवर चालतो म्हणून एको थेट जोडता येतो. तुमचा बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर मध्ये १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांची जोडी घालून व्होल्टेज उतरवा, नाहीतर बोर्ड जाईल.

मोटर बोर्डच्या पायाला थेट जोडू नका. तिला ७०-८० मिलिअँपिअर लागतात आणि नॅनोच्या एका पायाकडून २० च्या वर मागू नये. बोर्डच्या पायातून १ किलोओहम रेझिस्टरमार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला, ट्रान्झिस्टरमधून मोटरला, आणि मोटरच्या दोन टोकांवर डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू धनकडे. मोटर ३ व्होल्टची आणि पुरवठा ५ चा, म्हणून तिच्या वाटेत २७ ओहम घाला. डायोड विसरला तर मोटर थांबताना जो झटका मारते त्याने बोर्ड मधूनच पुन्हा सुरू होतो. दोष शोधताना माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे.

विजेसाठी लोक पॉवर बँक सुचवतात. तिचा एक त्रास आहे. आपला पट्टा इतकी कमी वीज ओढतो, की बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलेच नाही' असे समजून आपोआप बंद होतात. रस्त्याच्या मधोमध. म्हणून १००० मिलिअँपिअर-तासांची वेगळी लिथियम बॅटरी घ्या. त्याहून लहान घ्यायची असेल तर टीपी४०५६ वरचा चार्जिंगचा प्रवाह ठरवणारा रेझिस्टर बदलावा लागतो, कारण तो सहसा १ अँपिअरसाठी बसवलेला येतो. पट्टा अंगावर असताना चार्ज करू नका, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. यात काटकसर नाही.

सगळे आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचून जोडायच्या पाटीवर, चालवा, मगच सोल्डर करा. जिथे तारा अंगाबरोबर वाकतात तिथे एकपदरी कडक तार तुटतेच. बहुपदरी मऊ तार वापरा आणि जोडाजवळ तिला थोडा ढिला वळसा द्या.

यंत्राला गप्प राहायला शिकवा

आज्ञावली लिहायला अर्धा दिवस लागतो, ती नेमकी करायला महिना. इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सावकाश.

पहिला प्रश्न, किती दूरचे सांगायचे. माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. १.८ मीटरवर अडथळा कळला तर हातात १.४ सेकंद असतात. त्यातून मोजणीचे ०.२ गेले, मोटर फिरायला लागेपर्यंत ०.१ गेला, कळून पाय थांबवायला ०.५ गेला. उरले ०.६ सेकंद, म्हणजे जेमतेम एक पाऊल. बाहेर यापेक्षा कमी पल्ला ठेवू नका. घरात मात्र १.८ मीटर म्हणजे अखंड बडबड, तिथे १ मीटर पुरे. दोन्हीसाठी सरकता स्विच द्या, बोटाने चाचपून स्थिती कळेल असा.

दुसरा प्रश्न, आकड्यांवर विश्वास. सेन्सर अधूनमधून थापा मारतो. म्हणून एका मोजणीवर बोलू नका. तीन मोजण्या घ्या, त्या चढत्या क्रमाने लावा आणि मधली धरा. सरासरी काढू नका, कारण एक थाप सगळी सरासरी ओढून नेते. दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंदांचे अंतर हवे, नाहीतर मागच्या स्पंदाचा रेंगाळलेला पडसाद पुढच्यात मोजला जातो. दोन सेन्सर असतील तर ते आळीपाळीने चालवा, एकदम कधीच नाही. आता हिशेब बघा. एका सेन्सरला तीन मोजण्यांना १८० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात माणूस २३ सेंटीमीटर पुढे जातो. दोन्ही चालू असताना तो ४७ सेंटीमीटर पुढे जातो. 'अजून अचूक हवे' म्हणून कोणी नऊ मोजण्यांची मधली काढली, तर दोन सेन्सरांवर एक सेकंदाहून जास्त वेळ जाईल आणि माणूस १.४ मीटर पुढे, अडथळ्याच्या अंगावर पोचलेला असेल. अचूक पण उशिरा आलेला इशारा इथे बिनकामाचा. तापमानाचा हिशेबही सोडून द्या. २० अंशांचे ४० अंश झाले तरी दोन मीटरमागे सुमारे ७ सेंटीमीटरचा फरक पडतो.

तिसरा प्रश्न, सांगायचे कसे. कंपाच्या जोरावरून अंतर सांगायचा मोह होतो, पण कपड्यावरून, चालताना, त्वचेला जोराच्या पायऱ्या नीट कळत नाहीत. लय कळते. माझ्याकडे तीनच शब्द आहेत. १.८ ते १.२ मीटरला सावकाश 'टप… टप…', १.२ ते ०.६ ला जोडीने 'टपटप… टपटप…', आणि त्याच्या आत सलग घर्र. प्रत्येक टप १०० मिलिसेकंदांचा ठेवा. नाण्याएवढ्या मोटरला वेग घ्यायलाच ५० ते १०० मिलिसेकंद लागतात, त्याहून छोटा ठोका जाणवतच नाही. आणि अडथळा नव्या टप्प्यात आला की पहिला टप त्याच क्षणी द्या, आधीची लय पूर्ण व्हायची वाट पाहू नका. आर्डुइनोची 'थांब' ही आज्ञा वापरलीत तर ही वाट आपोआप पाहिली जाते. तिच्याऐवजी घड्याळ बघत राहणारी रचना करा.

चौथा नियम बडबड्याला सुधारणारा. अंतर तीन सेकंद जवळजवळ तेच राहिले तर गप्प बसायचे, आणि ते ३० सेंटीमीटरने बदलेपर्यंत पुन्हा बोलायचे नाही. रांगेत उभे असताना, बाकावर बसून गप्पा मारताना, भिंतीपाशी थांबले असताना यंत्र छातीवर घरघरत राहिले तर तिसऱ्या दिवशी ते कपाटात जाते.

आता या शांततेतला धोका. 'पुढे मोकळे आहे' आणि 'तार तुटली आहे' या दोन्हींत यंत्र गप्पच राहील. हे चालणार नाही. एचसी-एसआर०४ चा एक गुण इथे कामी येतो. समोर काहीच नसले तरी ट्रिगर मिळाल्यावर त्याचा एको पाय वर जातोच आणि बऱ्याच वेळाने स्वतःहून खाली येतो. तो वर गेलाच नाही तर बिघाड नक्की. लागोपाठ दहा वेळा असे झाले की दोन सेकंदांचा लांब, तुटक कंप द्या, जो इतर कशाशीही जुळत नाही. बॅटरी ३.४ व्होल्टच्या खाली गेली की तीन लांब ठोके. तिचे व्होल्टेज ॲनालॉग पायावर थेट मोजता येते, फक्त ती तार मुख्य स्विचनंतरून घ्या. आणि चालू करताच एक छोटा ठोका, 'मी जागा आहे' असा.

टेबलावरची परीक्षा

अंगावर चढवण्याआधी यंत्राच्या खोड्या ओळखून घ्या. फीत घेऊन १ मीटरवर भिंत ठेवा, आकडा तपासा. मग सेन्सर तिरपा करत जा. गुळगुळीत भिंत किंवा काच तीसेक अंश तिरपी झाली की बहुतेकदा दिसेनाशी होते, कारण ध्वनी आरशातल्या प्रकाशासारखा भलतीकडे निघून जातो. नंतर जाड लोकरीचे कापड टांगा. ते ध्वनी पिते, आकडे डळमळतात. झाडूचा दांडा उभा धरा, तो एक मीटरवर सहसा दिसतो. तोच दांडा दोन मीटरवर नेऊन पाहा, म्हणजे भरवसा कुठे संपतो ते कळेल. अर्धे उघडलेले दार, कडेने येणारे, ही सगळ्यात अवघड परीक्षा. माझा एकही पट्टा तिच्यात पैकीच्या पैकी गुण मिळवू शकलेला नाही.

ही सगळी माहिती लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून वापरणाऱ्याला द्या. त्याला यंत्राचे गुण सांगण्याआधी त्याची आंधळी जागा सांगा.

खड्डा किंवा खाली जाणारी पायरी या सेन्सरने शोधायचा प्रयत्न करू नका. तिरप्या नजरेला सपाट जमीनसुद्धा पडसाद नीट परत देत नाही, त्यामुळे जमीन आहे आणि जमीन नाही यात यंत्राला फरक कळत नाही. ते काम काठीचे. पावसासाठी जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक प्रकार मिळतो, पण त्याला वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतले दिसत नाही. लेझरचे छोटे अंतरमापक तिरप्या भिंतीवर बरे चालतात, पण उन्हात कमजोर पडतात आणि काचेतून आरपार जातात.

अंगावर

मोटर सेन्सरजवळ ठेवू नका. तिचा कंप सेन्सरला बसतो आणि थापा वाढतात. छातीच्या सेन्सरची मोटर खांद्याच्या पट्ट्यावर, गळपट्टीच्या हाडापाशी बसवली की पातळ कपड्यावरूनही ती स्पष्ट लागते, कारण हाड कंप चांगला वाहून नेते. मनगटाची मोटर मनगटाच्या आतल्या बाजूला. डबा कोपरे नसलेला असावा. तो पुढे आला तर मिठी मारताना टोचतो, ही तक्रार मला फार उशिरा कळली. जाकीट वरून घातले की सेन्सर झाकला जातो आणि यंत्र सतत 'अगदी जवळ' असे ओरडते. म्हणून पट्टा नेहमी सर्वांत वर.

इशारे हेडफोनवरून देऊ नका. कानाची वाट मोकळी ठेवून हाडातून आवाज पोचवणारे अस्थिवहनाचे हेडफोनही त्यातून आवाज येत असताना रस्त्याचे बारीक आवाज थोडे झाकतातच.

शिकणे

पहिले पाच दिवस वीस-वीस मिनिटे, घरात, ओळखीच्या जागी. सुरुवात उभे राहून. कोणीतरी पुठ्ठा पुढे-मागे करायचा आणि घालणाऱ्याने टप्पा सांगायचा. तिन्ही लयी न चुकता ओळखू येईपर्यंत पाऊल टाकायचे नाही.

मग कपाळाच्या उंचीवर दोरीने रिकामे हलके खोके टांगा आणि काठी घेऊन त्याकडे चाला. खोके लागले तरी दुखणार नाही, म्हणून माणूस मोकळेपणाने चुकतो. पहिल्या दिवशी बहुतेक जण टप जाणवताच जागीच थिजतात. शिकायचे असते ते हे, की टप म्हणजे वेग कमी करा, मोकळा हात चेहऱ्यापुढे आणा, जिभेने एक टक् करा आणि मग वळा. या क्रमाची इतकी सवय व्हायला हवी, की विचार करावा लागू नये.

दुसऱ्या आठवड्यात ओळखीचा रस्ता. जो रस्ता काठीने पाठ आहे तोच घ्या, म्हणजे नवी असेल ती फक्त यंत्राची भाषा. रोज एक फेरी पट्टा बंद ठेवूनही करा. माझ्या मित्राच्या बाबतीत इथे गंमत झाली. पट्टा चालू असताना त्याची टकटक कमी झाली आणि ज्या कोपऱ्यावर तो कधी चुकत नसे तिथे दोनदा चुकला. यंत्रावर कान टेकले की स्वतःचे कान आळसावतात. आम्ही मग बंद फेऱ्या वाढवल्या.

अनोळखी रस्ता, वाहने ओलांडणे, स्थानके हे सगळे चलनवलन प्रशिक्षकाबरोबर, म्हणजे अंधांना एकटे हिंडायला शिकवणाऱ्याबरोबर. घरगुती यंत्र घेऊन रहदारीत उतरताना शेजारी असा माणूस हवा, ज्याला काठीचे तंत्र येते. नुसता हौशी मित्र पुरत नाही. हे मी हौशी मित्र म्हणूनच सांगतो. गर्दीत पट्टा बंद करायचा. तिथे प्रत्येक माणूस अडथळा असतो आणि सांगण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या कोणाच्या अंगावर तसाच सेन्सर असेल तर त्याचे स्पंद आपल्यात मिसळून आकडे नाचतात, हेही लक्षात असू द्या.

दर महिन्याला एकदा १ मीटरवरची मोजणी तपासा, वेल्क्रोची पकड पाहा, सेन्सरच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा, आणि तारा वळतात तिथे हलवून बिघाडाचा इशारा येतो का ते बघा. छातीचा कोन घसरला आहे का, हे भिंतीवरच्या कपाळाच्या खुणेवर पुन्हा एकदा पाहून घ्या. इलॅस्टिक ढिले पडले की सेन्सर खाली झुकतो आणि यंत्र रस्ता पाहू लागते.

पाचवा पट्टा मित्राकडे आहे. मागच्या वेळी भेटला तेव्हा त्याने तो घातला होता आणि तासाभराच्या चालण्यात त्याचा इशारा फक्त दोनदा आला. एकदा झाडाखाली आणि एकदा उघड्या खिडकीपाशी.